संत गुरेलचं गाणं आणि मास्तरांची वही

लॉगुरेल,
१४ मार्च १९७६

प्रिय मारिवोन,

तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. काम आहेच. पण आधी बातमी ऐक. तुझा हा आतेभाऊ इतिहासकार झाला आहे.

हसून घे, मग पुढे वाच.

मागच्या महिन्यात आपला सरपंच जोब कोसेक घरी आला. माझाच विद्यार्थी. चार वर्षांत ज्याला फ्रान्सच्या नद्या पाठ झाल्या नाहीत तो आता गाव चालवतो, आणि मी त्याने आणलेली सफरचंदाची साइडर पीत त्याचं ऐकून घेतो. म्हणाला, "मास्तर, जिल्ह्याचा नवा रस्ता येतोय आणि तो संत गुरेलच्या चॅपेलमधून जातोय."

"बाजूने म्हणायचंय तुला."

"मधून."

चॅपेल वाचवायचं तर जतन करायच्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घालून घ्यायला हवं. त्यासाठी २२ ऑगस्टला, जत्रेच्या दिवशी, रेनच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक येणार आहेत. पण नुसत्या दगडांना ते भुलणारे नाहीत. चारशे वर्षांची चॅपेलं ब्रिटनीत पैशाला पासरी आहेत. त्यांना हवी आहे जिवंत परंपरा, आणि आपल्याकडे तशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गुरेलचं गाणं. दगडाच्या डोणीत बसून समुद्र ओलांडणारा, वाट चुकून समुद्र सोडून इथे आत टेकड्यांत येऊन पोचणारा, आणि बोलायला उशीर झालेल्या पोरांच्या डोक्यावर घंटा वाजवून त्यांची जीभ सोडवणारा आपला गुरेल. रोमला त्याचा पत्ता नाही, पण गाण्यात सगळा होता.

जोबने मला गावाचा इतिहास लिहायला सांगितलं. सात प्रकरणं झालीसुद्धा. त्यातली चार शाळेवर आहेत आणि त्या चारांतली तीन माझ्यावर, हे मला काल वाचताना कळलं. आता गाणं तेवढं मिळत नाही. वही घेऊन दारोदार फिरलो. जो तो एकच विचारतो, "गाणं? कुठलं गाणं, मास्तर?" तेही फ्रेंचमध्ये, अगदी व्याकरणशुद्ध. गिरणीवरच्या लेना त्रेदानने दार अर्धं उघडलं, वही पाहिली आणि "दूध उतू जातंय" म्हणून लावून घेतलं. चूल विझलेली मला खिडकीतून दिसत होती.

मी पडलो सरकारी शाळेचा मास्तर, पाद्र्यांचा जुना वैरी. शेहेचाळीस वर्षांत तत्त्व म्हणून एकदाही जत्रेला पाऊल टाकलं नाही. लोकांना त्याचाच राग असणार. तू लहानपणी चांगली गायचीस. तुला गाणं आठवतं का? चार ओळी आठवल्या तरी कळव. गाणं गेलं तर चॅपेलही गेलं असं समज.

तुझा,
गुल्वेन

&nbsp;

सें-देनी,
२ एप्रिल १९७६

गुल्वेन,

पाद्र्यांचा राग! तू खरंच विसरलास की सोंग घेतोयस?

मग मी आठवण करून देते. लेना सहा वर्षांची होती. शाळेचा पहिला दिवस. तिने तुझ्याकडे लघवीला जायची परवानगी मागितली, तिला येणाऱ्या एकुलत्या एका भाषेत, आपल्या ब्रेतॉनमध्ये. तू तिच्या गळ्यात दोरीने लाकडी बूट अडकवलास. पुढचा नियम तुझाच. ज्याच्या गळ्यात बूट त्याने दुसऱ्या कुणाला तरी ब्रेतॉन बोलताना पकडून द्यायचं, मग बूट त्याच्या गळ्यात, आणि संध्याकाळी तो ज्याच्याकडे राहील त्याने शाळेचे संडास धुवायचे. लेनाने कुणालाच पकडून दिलं नाही. सहा वर्षांची पोर आठवडाभर संडास धूत राहिली. हे तिनेच मला सांगितलं, युद्धाच्या वर्षांत मी पॅरिसची उपासमार सोडून गावी येऊन राहिले होते तेव्हा.

आणि आता तू त्याच पोरांच्या दारात ब्रेतॉनची भीक मागत हिंडतोस. त्यांनी नुसतं दार लावलं, कुत्रं नाही सोडलं, यातच संत गुरेलचे उपकार मान.

गाणं मला आठवत नाही. वयाची चौसष्ट वर्षं झाली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफ खाऊन डोकं उकडून निघालं. तू लेनाकडेच जा. वही घरी ठेव. आणि तोंड उघडशील ते ब्रेतॉनमध्ये.

मारिवोन

ता. क. तुझ्यावरच्या तीन प्रकरणांत हा बूट आहे का?

&nbsp;

लॉगुरेल,
९ मे १९७६

प्रिय मारिवोन,

नाही, बूट नव्हता. आता घातला आहे. दीड पान झालं आणि ते लिहायला मला बाकीच्या सात प्रकरणांपेक्षा जास्त दिवस लागले. त्या वेळी सगळेच मास्तर तसं करत होते, वरून तसाच हुकूम होता, असं मी आधी लिहिलं होतं. मग ते खोडलं. वरचे साहेब रेनला होते, दोरीची गाठ मी मारत होतो.

लेनाकडे गेलो. जाण्याआधी चार दिवस आरशासमोर सराव केला. मारिवोन, माझं ब्रेतॉन आठ वर्षांच्या पोराचं आहे. त्यापुढे मी ते वाढूच दिलं नाही. दारात उभा राहून मी एवढंच म्हणू शकलो, "लेना, मी चुकलो. बूट. शाळा. चुकलो." अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि एक वाक्य धड नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "क्रियापदं कुठे गेली, मास्तर?"

"हरवली."

"आत या. पाय पुसून या. बटाटे सोलता येतात?"

तिची अट अशी की वही नाही, पेन्सिल नाही. गाणं तोंडून तोंडात जाईल, आणि हात रिकामे ठेवायचे नाहीत. म्हणून ती म्हणते आणि मी बटाटे सोलत मागून म्हणतो. पहिल्या आठवड्यात एक कडवं झालं. माझ्या शाळेत असा मुलगा असता तर मी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं असतं की याला गुरं राखायला लावा.

"पुन्हा," ती म्हणते.

"अगं, पण मी बरोबर म्हटलं."

"तिसऱ्या ओळीत गुरेल काठावरून डोणीत चढतो. तुम्ही त्याला बुडवलात. पुन्हा."

काल मला दुसरं कडवं आलं तेव्हा तिने काळ्या गव्हाचं एक गरम घावन माझ्या ताटलीत टाकलं, वर लोण्याचा गोळा. इतका अभिमान मला पदवीच्या दिवशी वाटला नव्हता.

एवढंच, की घावन खाताना ती म्हणाली, "या ओळीवर तुमची आई मध्येच श्वास घ्यायची. कातेलमावशीला आठवता का कधी?" मला उशीर होत होता म्हणून मी उठलो.

तुझा विद्यार्थी बंधू,
गुल्वेन

&nbsp;

सें-देनी,
२४ मे १९७६

गुल्वेन,

तुला कसला उशीर होत होता? पेन्शन खाणाऱ्या म्हाताऱ्याला कुठे पोचायचं असतं?

मी हे कधी बोलले नसते. पण तू इतिहास लिहायला बसलायस, मग हेही लिही. आत्या, तुझी सख्खी आई, तुझ्या घरी राहायला आली तेव्हा तुझी एलियान वर्षाची होती. तू आत्याला सांगितलंस, "पोरीच्या कानावर ब्रेतॉन पडता कामा नये. फ्रेंच बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं." आत्याला फ्रेंच किती येत होतं? 'नमस्कार', 'पाव' आणि 'धन्यवाद'. मग ती गप्प बसली. मरेपर्यंत, नऊ वर्षं. पोरीला मांडीवर घेऊन ती नुसती डोलायची, ओठ घट्ट मिटून. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण धुणं घेऊन पाणवठ्यावर आली की तिची टकळी सुरू. घरी चादर मळली नसली तरी ती चादर धुवायला यायची. लेना तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, आत्याच्या शेजारच्या दगडावर बसायची. आत्या बोलायची, गायची, सगळ्यांच्या नकला करायची, तुझीसुद्धा. आम्ही हसून हसून साबण पाण्यात सोडायचो. मग टोपली डोक्यावर घेतली की तोंड मिटलं, आणि निघाली तुझ्या घराकडे.

लेनाने तुला दार लावलं ते स्वतःच्या बुटासाठी नाही, शहाण्या.

मारिवोन

&nbsp;

लॉगुरेल,
१८ जुलै १९७६

प्रिय मारिवोन,

तुझं पत्र आल्यावर दोन महिने मी उत्तर दिलं नाही. पाच वेळा लिहायला बसलो. पाचही वेळा पहिलंच वाक्य "तुला कल्पना नाही" असं निघालं. आणि कल्पना तर तुला पूर्ण आहे.

खरं आहे. सगळं खरं आहे. मला वाटायचं, आई म्हातारी झाली, कमी बोलते. मी डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं. पोरीचं भलं व्हावं, तिला कुणी गावंढळ म्हणू नये, एवढाच माझा हेतू होता, आणि ते झालंही. एलियान ब्रेस्टमध्ये औषधांचं दुकान चालवते, तिचं फ्रेंच ऐकून कुणी म्हणणार नाही की ही टेकड्यांतली आहे. आजी तिला आठवते ती खिडकीतली एक काळी सावली म्हणून. तिनेच एकदा मला तसं सांगितलं होतं. मी तेव्हा हसलो होतो. मला फार वाईट वाटतं, मारिवोन. याहून चांगलं मला लिहिता येत नाही.

लेनालाही मी तेच सांगितलं. तिने बटाट्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. त्या आठवड्यात तिने मला चार कडवी दिली. एरवी दोनावर तिची मजल जात नाही.

आता वीस कडवी झाली. मी विचारलं, "संपलं?" ती म्हणाली, "तुमच्यापुरतं संपलं." हा काय प्रकार ते मला कळलं नाही, पण विद्यार्थ्याने फार विचारू नये, असं मीच शिकवत आलो आहे.

तीन महिने पाऊस नाही. कुरणं भाजून पिवळी पडली, गुरेलचं कुंड तळाला गेलं, जोबची माणसं गुरांसाठी टँकर फिरवतायत. पण पुस्तिका छापायला गेली. शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मला बरं जमलं आहे. "आज हे गाणं साऱ्या लॉगुरेलमध्ये फक्त दोघांना येतं, श्रीमती लेना त्रेदान यांना आणि प्रस्तुत लेखकाला." जत्रेत मीच ते म्हणणार आहे. लेनाला दम लागतो. तू येशील का?

तुझा,
गुल्वेन

&nbsp;

सें-देनी,
३ ऑगस्ट १९७६

गुल्वेन,

गुडघ्यांनी संप केलाय, नाहीतर ही जत्रा मी चुकवली नसती.

तुझं ते शेवटचं वाक्य. छापखान्याला फोन कर आणि थांबव. का, ते विचारू नकोस.

आणि गाणं आठवत नाही असं मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. पहिल्याच पत्रात लिहून पाठवू शकले असते. पण ते पाकिटातून मिळालं असतं तर तू ते पुस्तिकेत चिकटवून मोकळा झाला असतास.

एलियानला जत्रेला बोलाव. विसरू नकोस.

मारिवोन

&nbsp;

लॉगुरेल,
२३ ऑगस्ट १९७६

प्रिय मारिवोन,

छापखान्याला मी फोन केला नाही. मला वाटलं, तुलाही गाणं येतं म्हणून तुझा मान दुखावला. "तीन जणांना येतं" असं पुढच्या आवृत्तीत घालू, असं मी मनात म्हटलं. किती उदार माणूस!

काल सकाळी चॅपेलच्या दारात जोबने टेबल मांडून पुस्तिकेचा गठ्ठा ठेवला. लोक एकेक प्रत घेत होते, शेवटचं पान उघडत होते, वाचत होते आणि माझी सही मागत होते. सगळ्यांचे चेहरे कमालीचे गंभीर. मला वाटलं, इतिहासाचा परिणाम. प्राध्यापक आले. पांढरी टोपी, हातात टेप-रेकॉर्डर, घामाने निथळत होते. एलियान ब्रेस्टहून आली होती, माझ्या टायची गाठ नीट करून गर्दीत उभी राहिली.

निशाण पुढे, चौघांच्या खांद्यावर लाकडी गुरेल, मागे मी, आणि माझ्यामागे सगळा गाव. मी गायला लागलो. आठ कडवी निभावली. नववं सुरूच होईना. गुरेल डोणीत, डोण नदीत, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नाही. प्राध्यापकांची टेप फिरत होती. रस्ता चॅपेलमधून जाताना मला डोळ्यांसमोर दिसला.

तेवढ्यात मागून नववं कडवं आलं, जोबच्या आवाजात. नद्या पाठ न झालेल्या जोबच्या. मग त्याची बायको, मग सुतार, मग पोस्टमास्तरीण, मग एकदम सगळे, दीड-दोनशे माणसं, श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा सगळ्यांना सारखं ठाऊक. मी वळून पाहिलं. सगळी माझीच मुलं, पन्नाशीतली, टक्कल पडलेली, तोंडं उघडी. लॉगुरेलमध्ये गाणं फक्त एकाच माणसाला येत नव्हतं, आणि तो जुलैपर्यंत त्याच गाण्याच्या मृत्यूवर प्रकरण लिहीत होता. ते दरवर्षी जत्रेत गात होते, लग्नात गात होते, शेतात गात होते. मी कुठेच नव्हतो. आणि जिथे असे तिथे, मी आलो की गप्प.

विसावं कडवं झालं. मी थांबलो, प्राध्यापकांकडे बघून मान लववली. मागचे थांबले नाहीत. काहींनी आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली, जोबने टोपी तोंडावर धरली, आणि सगळ्यांनी एकविसावं म्हटलं:

मुक्या पोरांची जीभ सोडवलीस,
बाबा गुरेल, भलं केलंस;
शिकून बहिरं झालं माझं पोर,
त्याला कसं रे विसरलास?

लेना माझ्या शेजारी होती. म्हणाली, "कातेलमावशीचं आहे. चव्वेचाळीस साली पाणवठ्यावर रचलं. पहिल्या दिवशीच सगळ्यांना पाठ झालं. आता तुमच्यासमोर कसं म्हणायचं, मास्तर? आणि हे सोडून बाकीचं म्हणायचं तर मावशीला वाईट वाटेल. म्हणून तुमच्यासमोर अख्खं गाणंच कुणी म्हटलं नाही."

म्हणजे बत्तीस वर्षं अख्खा गाव माझी चेष्टा करत होता, आणि मला लाज वाटू नये म्हणून ती माझ्यापासून जपतही होता. असा अपमान किती जणांच्या नशिबी येतो?

प्राध्यापक धावत आले. डोळे चमकत होते. म्हणाले, "ते शेवटचं कडवं! बाकीच्यांहून कितीतरी जुनं. भाषेवरून सतरावं शतक नक्की. शिकून बहिरा झालेला पुत्र म्हणजे लोकांपासून दुरावलेले धर्मपंडित, दुसरं काय!" टेप फिरतच होती. गप्प बसलो असतो तर यादीतली जागा पक्की होती, आणि माझी आई सतराव्या शतकात गेली असती, मीही तिच्याबरोबर, धर्मपंडित होऊन. मोह झाला हे कबूल करतो.

मी म्हटलं, "साहेब, १९४४. माझ्या आईने केलंय. आणि ते बहिरं पोर मी."

प्राध्यापकांनी टेप बंद केली. मला वाटलं, गेलं चॅपेल. मग ते म्हणाले, "म्हणजे या गाण्यात लोक अजून भर घालतायत?" लेना म्हणाली, "कारण मिळालं की घालतो." त्यांनी टेप पुन्हा सुरू केली आणि आईचं पूर्ण नाव विचारलं. यादीसाठी शिफारस करतो, असं जाताना जोबला सांगून गेले. मी त्याआधीच तिथून हललो होतो.

कारण लोक रडत होते, हसत होते, माझ्या पाठीवर थापा मारत होते, आणि त्या सगळ्या गर्दीत एकटी एलियान सगळ्यांकडे आळीपाळीने बघत उभी होती. गाण्यातलं तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, काय म्हटलं त्यांनी? लेना म्हणते ते आजीचं आहे. आजी गायची?"

मी होय म्हटलं. मी तिला त्या चार ओळींचा अर्थ सांगितला.

मग म्हणाली, "ती माझ्याशी कधीच बोलली नाही, बाबा. मला आजपर्यंत वाटत होतं, मी तिला आवडत नव्हते."

पस्तीस वर्षांची बाई, मारिवोन. लहानपणापासून हे मनात घेऊन वावरली, आणि मी गावाचा इतिहास शोधत शेजाऱ्यांची दारं ठोठावत होतो. आम्ही चॅपेलच्या पायरीवर बसलो. मी तिला सगळं सांगितलं, आई घरी आली त्या दिवसापासून ती गेली त्या दिवसापर्यंत, मी काय हुकूम दिला होता, आणि ओठ मिटून तिला मांडीवर डोलवताना आजीच्या तोंडात काय अडकलं असेल तेही. फ्रेंचमध्ये सांगितलं. तिला येणारी तेवढीच एक भाषा मी तिला दिली आहे.

तुझा,
गुल्वेन